गोठणारी थंडी आणि मालमोटारीचे पॉवर स्टिअरिंग : दोष ओळखावा कसा?

सुरतेच्या रिंग रोडवरील कापडबाजारातून साड्या, ड्रेस मटेरियल आणि कृत्रिम धाग्याच्या कापडाचे गठ्ठे भरून निघणाऱ्या मालमोटारी देशाच्या सर्व दिशांना जातात. त्यांपैकी काही दिल्ली, पठाणकोट आणि जम्मू या मार्गाने थेट श्रीनगर गाठतात आणि परतीच्या खेपेस सफरचंदाच्या पेट्या घेऊन येतात. एका बाजूचा हा प्रवास सुमारे 2000 किलोमीटरचा आहे. सुरतेतील उधना, लिंबायत, डिंडोली या वस्त्यांत खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे फार मोठ्या संख्येने राहतात. धुळे, नंदुरबार व जळगाव जिल्ह्यांतील अनेक तरुणांनी तेथेच कापडाच्या वाहतुकीत चालक, क्लीनर किंवा मिस्त्री म्हणून काम पत्करले आहे. प्रस्तुत लेखाचा विषय मुख्यत्वे त्यांच्या कामाचा आहे.

सुरतेत जानेवारीतही पहाटेचे तापमान सर्वसाधारणपणे 15 अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि दुपारी पारा 30 अंशांपर्यंत चढतो. तेथे वाहन गोठण्याचा प्रश्न कधी उद्भवत नाही आणि म्हणून तेथील मिस्त्रीच्या अनुभवातही तो नसतो. परंतु तीच गाडी चौथ्या-पाचव्या दिवशी काझीगुंडच्या मैदानात रात्रभर उभी राहते. 2024 च्या डिसेंबर महिन्यात श्रीनगर येथे पारा शून्याखाली 8.5 अंशांपर्यंत उतरला होता. नळांतील पाणी गोठले आणि दल सरोवराच्या कडेने बर्फाचा थर धरला. वाटेवरील राजस्थानातही चुरू, फतेहपूर या भागांत थंडीच्या लाटेत पारा शून्याखाली जातो, हे बहुतेकांच्या ध्यानात नसते. म्हणजे गोठणाऱ्या थंडीची गाठ पडण्यासाठी हिमालयापर्यंत जावेच लागते असे नाही.

अशा पहाटे चालक गाडी सुरू करतो, स्टिअरिंग वळवू पाहतो आणि ते जागचे हलत नाही. किंवा हलते, पण पंपातून कण्हल्यासारखा आवाज येतो. रस्त्याकडेचा मिस्त्री पंप बदलावयास सांगतो. पंप बदलला जातो, तोवर दहा वाजलेले असतात, ऊन पडलेले असते आणि स्टिअरिंग हलके होते. श्रेय नव्या पंपाला मिळते. दुसऱ्या दिवशी पहाटे मूळचा दोष पुन्हा जागच्या जागी असतो. हा प्रकार नित्याचा आहे. त्यात मालकाचा पैसा जातो हे खरेच. पण त्याहून गंभीर गोष्ट ही की, खरा दोष तसाच घेऊन गाडी रामबनच्या वळणांवर उतरते.

यंत्रणेची रचना

दोष शोधण्यापूर्वी यंत्रणा समजून घेणे अगत्याचे आहे. पूर्वीच्या मालमोटारींना पॉवर स्टिअरिंग नसे. मोठ्या व्यासाचे चाक आणि चालकाच्या दंडातील बळ एवढ्यावरच सर्व भिस्त असे. जड गाड्यांचे सुकाणू तेलाच्या दाबाने हलके करण्याची कल्पना मात्र बरीच जुनी आहे. पिअर्स-ॲरो या अमेरिकन कंपनीच्या मालमोटार विभागात काम केलेले अभियंते फ्रान्सिस डेव्हिस यांनी 1926 साली अशी यंत्रणा बसविलेली मोटार चालवून दाखविली होती. आपल्याकडे पुणे जिल्ह्यातील वढू बुद्रुक येथील झेडएफ स्टिअरिंग गिअर (इंडिया) ही कंपनी 1981 साली स्थापन झाली. त्यानंतरच्या दशकांत भारतीय मालमोटारींवर पॉवर स्टिअरिंग हळूहळू सार्वत्रिक झाले.

यंत्रणेचे भाग मोजकेच आहेत. इंजिनावर चालणारा पंप टाकीतून तेल ओढतो आणि दाबाखाली स्टिअरिंग बॉक्सकडे पाठवितो. चालकाने चाक फिरविताच बॉक्समधील झडप तेलाला पिस्टनच्या एका बाजूस वाट देते, पिस्टन सरकतो आणि ड्रॅग लिंकमार्फत पुढील चाके वळतात. काम झालेले तेल फिल्टरमधून पुन्हा टाकीत येते. जड वाहनांत हा दाब साधारणतः 100 ते 150 बारपर्यंत जातो. नेमका आकडा त्या त्या पंपाच्या पाटीवर किंवा निर्मात्याच्या पुस्तिकेत दिलेला असतो आणि तोच प्रमाण मानावा. तेलाची मदत बंद पडली तरी चाक आणि बॉक्स यांतील लोखंडी जोड कायम राहतो. गाडी वळविता येते, पण फार जड जाते. भरलेल्या गाडीवर, उतारावर, एकट्या माणसाला ते किती झेपेल हा प्रश्न उरतोच.

या सर्व साखळीत थंडीचा परिणाम तीन गोष्टींवर होतो : तेल, रबर आणि ग्रीस. चौथी गोष्ट पाणी. ते यंत्रणेत असावयासच नको, पण असते.

दोष थंडीचा की यंत्राचा?

पहिली आणि सर्वांत उपयुक्त कसोटी कोणत्याही हत्याराविना करता येते. स्टिअरिंग केव्हा जड असते आणि केव्हा हलके होते, एवढेच नीट पाहावयाचे. पहाटे जड आणि इंजिन तापल्यावर हलके, असे असेल तर संशय तेलावर, ग्रीसवर किंवा गोठलेल्या पाण्यावर घ्यावा. याउलट पहाटे ठीक, पण दोन-तीन तास चालल्यावर जड, असे असेल तर पंप झिजलेला असण्याचा संभव अधिक. याचे कारण सोपे आहे. झिजलेल्या पंपात आतल्या आत गळती होते. तेल घट्ट असते तोवर ती कमी असते. तेल तापून पातळ झाले की ती वाढते आणि दाब उतरतो. म्हणजे थंडी झिजलेल्या पंपाला एका अर्थी साहाय्यच करते. जो पंप सुरतेच्या मे महिन्यात निमूटपणे काम करीत होता, तो काश्मीरच्या जानेवारीत पहाटे केवळ झिजेमुळे बंद पडला असे सांगणाऱ्या मिस्त्रीला याचे स्पष्टीकरण विचारावयास हरकत नाही.

तिसरा प्रकार म्हणजे स्टिअरिंग थंडीतही जड आणि तापल्यावरही जड. येथे टाकीतील तेल कमी असणे, फिल्टर तुंबणे, यंत्रणेत हवा शिरणे, पट्ट्यावर चालणारा पंप असल्यास पट्टा घसरणे, किंवा किंग पिन जाम होणे यांपैकी एखादे कारण असते. आणि स्टिअरिंग फक्त एकाच बाजूस वळविताना जड जात असेल तर थंडीचा त्याच्याशी बहुधा संबंध नसतो. दोष स्टिअरिंग बॉक्समधील झडपेत, पिस्टनच्या सीलमध्ये किंवा चाक पूर्ण वळल्यावर दाब सोडणाऱ्या छोट्या झडपेच्या जुळणीत शोधावा.

तेल : सुरतेतील चूक, काझीगुंडची शिक्षा

बहुसंख्य भारतीय मालमोटारींच्या पॉवर स्टिअरिंगसाठी स्वयंचलित गिअरबॉक्सचे तांबड्या रंगाचे पातळ तेल सांगितलेले असते. गॅरेजच्या भाषेत ते ‘एटीएफ’ किंवा नुसतेच ‘लाल तेल’ म्हणून ओळखले जाते. हे तेल मुद्दाम अशा रीतीने बनविलेले असते की थंडीत ते फारसे घट्ट होऊ नये. डेक्सरॉन-3 या प्रचलित प्रतीला तर शून्याखाली 40 अंशांवरही ते वाहते राहिले पाहिजे, अशी अट घातलेली होती.

परंतु रस्त्यावर पातळी कमी झाल्याचे दिसले की जे हाताशी असेल ते ओतले जाते. कधी इंजिनाचे 15डब्ल्यू-40, तर कधी टिपरच्या जॅकसाठी आणलेले 68 क्रमांकाचे हायड्रॉलिक तेल. सुरतेत त्याने काही बिघडल्याचे दिसत नाही. येथे थोडा हिशेब मांडणे उद्बोधक ठरेल. 40 अंश तापमानावर 68 क्रमांकाचे तेल लाल तेलाच्या दुप्पट दाट असते आणि एवढा फरक पंप सहज पचवितो. शून्याखाली 8 अंशांवर लाल तेल आपल्या 40 अंशांवरील दाटपणाच्या सुमारे दहापट घट्ट होते. 68 क्रमांकाचे तेल मात्र तीसपटीहूनही अधिक घट्ट होते. म्हणजे दोहोंतील फरक आता दुपटीचा राहत नाही; तो सहापटीच्या घरात जातो. असे काकवीसारखे तेल ओढण्यासाठी पंपाला फार जोर लागतो. ओढण्याच्या नळीत पोकळी निर्माण होते, तेलात बुडबुडे उठतात आणि पंप कण्हू लागतो. इंजिनाचे तेल तर याहूनही दाट असल्याने त्याचा परिणाम आणखी वाईट होतो.

ओळखण्याची रीत साधी आहे. गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतर पहाटे, इंजिन सुरू करण्यापूर्वी, टाकीचे झाकण उघडून स्वच्छ काडीने तेल उचलून पाहावे. लाल तेल काडीवरून लगेच ओघळते. मधासारखी तार धरत असेल तर त्यात दुसरे तेल मिसळलेले आहे. रंगही पाहावा. लाल रंग तपकिरी-काळा झाला असून करपल्याचा वास येत असेल तर तेल जुने आहे किंवा फार तापलेले आहे. भेसळ आढळल्यास वरून लाल तेल ओतून भागत नाही. संपूर्ण तेल काढून, फिल्टर बदलून, नवे तेल भरावे लागते. काही निर्मात्यांनी अलीकडील गाड्यांसाठी वेगळ्या प्रतीचे तेल ठरविलेले आहे, म्हणून टाकीवरील किंवा पुस्तिकेतील सूचना वाचल्याशिवाय ‘लाल म्हणजे चालते’ असेही समजू नये.

तेलाच्या बाबतीत एक गोष्ट सहज आठवते. 2019 च्या नोव्हेंबरमध्ये इंडियन ऑईलने लडाखसाठी शून्याखाली 33 अंशांपर्यंत वाहते राहणारे हिवाळी डिझेल उपलब्ध करून दिले. इंधनाच्या बाबतीत थंडीचा विचार झाला आणि चालकवर्गातही त्याची माहिती पोचली. स्टिअरिंगच्या दोन-चार लिटर तेलाकडे मात्र कोणाचे फारसे लक्ष गेलेले दिसत नाही.

पाणी : सकाळी असते, दुपारी नसते

गोठणाऱ्या थंडीतील सर्वांत चकविणारा दोष पाण्याचा आहे. सुरतेचा पावसाळा आणि समुद्रकाठची दमट हवा यांमुळे टाकीच्या श्वासछिद्रातून बाष्प आत जाते व थंड रात्री त्याचे थेंब होतात. सर्व्हिस स्टेशनवर दाबाच्या पाण्याने गाडी धुताना झाकण सैल असेल तर पाणी सरळ आत शिरते. हे पाणी तेलापेक्षा जड असल्याने टाकीच्या तळाशी बसते आणि पंपाकडे जाणारी वाटही तळाशीच असते. सुरतेत गाडी चालत असता ते तेलात घुसळले जाते, कोणाला पत्ता लागत नाही. काझीगुंडच्या रात्री ते तळाशी गोठते. पहाटे पंपाला तेल मिळत नाही किंवा फिल्टरच्या जाळीवर बर्फाचे कण अडकतात. पंधरा-वीस मिनिटांत इंजिनाच्या उष्णतेने बर्फ वितळतो आणि दोष नाहीसा होतो. मिस्त्री येईपर्यंत दाखविण्यासारखे काही शिल्लक नसते. चालक खोटे बोलतो असा समज होतो, आणि मालकाला फोनवर पटवून देणे त्याहून कठीण जाते.

यासाठी तेल तपासण्याची एक जुनी पद्धत उपयोगी पडते. जाड पत्र्याचा तुकडा स्टोव्हवर तापवावा, तो स्टोव्हवरून बाजूला घ्यावा आणि टाकीच्या तळातील तेलाचा एक थेंब त्यावर टाकावा. पाणी असल्यास थेंब तडतडतो, फोडणीतील ओल्या मोहरीसारखा. शुद्ध तेल नुसते पसरते व धुरकटते. पाणी अधिक असेल तर तेल दुधट गुलाबी दिसते, तेव्हा पत्रा तापविण्याचीही गरज राहत नाही. ही तपासणी गाडीपासून दूर, उघड्यावर, डोळे सांभाळून करावी. पाणी आढळल्यास तेल व फिल्टर दोन्ही बदलावे आणि झाकणाचा वायसर व श्वासछिद्र पाहावे. मूळ वाट बंद केली नाही तर पुढच्या पावसाळ्यात पाणी पुन्हा येणारच.

हवा आणि रबर

थंडीत रबर कडक होते व आकसते. टाकीपासून पंपापर्यंतची ओढनळी जुनी असेल तर क्लॅम्पखाली ती किंचित सैल पडते. या नळीत दाब नसतो, उलट ओढ असते. म्हणून तेथून तेल बाहेर गळत नाही, हवा आत जाते. बाहेरून सर्व कोरडे, तरीही पंप गुरगुरतो आणि टाकीत फेस येतो, अशा वेळी प्रथम या नळीचे क्लॅम्प पाहावेत. पंप खोलण्याचा विचार त्यानंतर करावा.

हवा आहे की नाही हे ओळखण्याची आणखी एक सोपी खूण आहे. इंजिन चालू असताना टाकीतील तेलाची पातळी पाहून ठेवावी, मग इंजिन बंद करावे. पातळी एक-दोन सेंटिमीटर वर येणे स्वाभाविक आहे. त्याहून जास्त वर आली तर यंत्रणेत हवा कोंडलेली आहे असे समजावे. दाब निघून जाताच ती हवा फुगते आणि तेलाला वर लोटते. हवा काढण्यासाठी पुढील आस जॅकवर उचलून, खाली भक्कम ठोकळे देऊन, इंजिन मंद गतीवर ठेवावे आणि चाक सावकाश दोन्ही टोकांपर्यंत अनेकदा फिरवावे. टाकीतील तेल या वेळी कमी होऊ देऊ नये. बुडबुडे येणे थांबले की काम झाले. टोकाला चाक दाबून धरू नये. पाच सेकंदांहून अधिक काळ तसे धरल्यास सारे तेल दाब सोडणाऱ्या झडपेतून फिरत राहते आणि विलक्षण वेगाने तापते. घट्ट तेल लवकर गरम व्हावे म्हणून काही चालक मुद्दाम असे करतात. तेल गरम होते हे खरे, परंतु त्यात पंपाचे आयुष्यही खर्ची पडते.

सीलच्या गळतीबाबत घाई करू नये. कडक झालेल्या सीलमधून पहाटे चार-दोन थेंब गळतात आणि गाडी तापल्यावर गळती थांबते, असे दिसल्यास पातळीवर लक्ष ठेवून प्रवास पुरा करता येतो व सील मुक्कामी बदलता येते. तापल्यावरही गळती चालूच राहिली, किंवा दाबाच्या नळीला घामासारखे तेल सुटले, तर मात्र घाटात पाऊल टाकू नये.

ग्रीस, टायर आणि चिखल

कित्येकदा तेलाची बाजू पूर्णपणे निर्दोष असते आणि जडपणा चाकांकडून आलेला असतो. किंग पिनमधील जुने, धूळ मिसळलेले ग्रीस थंडीत मेणासारखे घट्ट होते. हे तपासण्यासाठी मागील चाकांना ओट लावून पुढील आस उचलावी, ठोकळे द्यावेत, इंजिन बंद ठेवावे आणि ड्रॅग लिंक स्टिअरिंग बॉक्सपासून सोडवावी. आता पुढील चाके हातांनी वळवून पाहावीत. ती जड जात असतील तर दोष किंग पिन किंवा टाय रॉडच्या सांध्यांत आहे. ती सहज वळत असतील तर दोष बॉक्सच्या वरच्या बाजूस आहे. अर्ध्या तासाचे हे काम केल्याविना पंप किंवा बॉक्स उतरविणे म्हणजे अंधारात दगड मारणे होय. जोडताना ड्रॅग लिंकचा नट नियमानुसार आवळून त्याची स्प्लिट पिन नवी घालावी. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधील नियम 98 अन्वये स्टिअरिंगच्या चाकाची मोकळी खेळ 30 अंशांहून अधिक असता कामा नये आणि सांध्यांवर रबरी टोप्या असणे आवश्यक आहे. टोपी फाटलेली असेल तर तिच्यातून शिरलेले पाणी सांध्यातच गोठते, हे थंडीच्या प्रदेशात या नियमाचे वेगळेच महत्त्व आहे.

टायरमधील हवेचा विचार सहसा कोणी करीत नाही. सुरतेत 30 अंशांना 110 पौंड हवा भरलेली असेल तर शून्याखाली 8 अंशांवर, हवा कोठूनही गेली नसताही, दाब सुमारे 94 पौंड होतो. काश्मीर खोऱ्याच्या उंचीवर बाहेरच्या हवेचा दाब कमी असल्याने मापकावर तो 97 च्या आसपास दिसेल. तरीही 13 पौंडांची तूट राहतेच. टायर बसले की रस्त्याशी घासणारा भाग वाढतो आणि जागच्या जागी वळविताना स्टिअरिंग जड लागते. पहाटे टायर थंड असतानाच दाब पाहून तो निर्मात्याने सांगितल्याइतका करावा. खाली सपाटीवर परतल्यावर तो वाढलेला आढळेल, तेव्हा पुन्हा तपासणे आले.

याशिवाय चाकाच्या वरच्या पंख्यात साचलेला बर्फमिश्रित चिखल रात्री दगडासारखा होतो आणि चाकाला अडवितो. टायर जमिनीला चिकटलेलेही असतात. अशा स्थितीत पॉवर स्टिअरिंगच्या जोरावर चाक ओढून सोडवू पाहिल्यास दाब एकदम वाढतो आणि सर्वांत कमकुवत असलेली नळी किंवा सील फुटते. आधी हाताने चिखल झाडावा, गाडी हातभर पुढेमागे घ्यावी आणि मगच चाक वळवावे.

दाबमापकाची कसोटी

वरील सर्व पाहूनही उलगडा झाला नाही तर दाबमापक लावावा. हे काम माहितगार मिस्त्रीनेच करावे. पंप आणि बॉक्स यांमधील नळीत मापक व बंद करण्याची तोटी बसवितात. तेल 50 ते 70 अंशांपर्यंत तापू द्यावे, कारण थंड, घट्ट तेलावर मापक फसवा आकडा दाखवितो आणि झिजलेला पंपही नव्यासारखा भासतो. इंजिन मंद गतीवर ठेवून तोटी बंद करावी, आकडा वाचावा आणि पाच सेकंदांच्या आत तोटी उघडावी. पाटीवरील दाब मिळाला तर पंप निर्दोष आहे व दोष बॉक्सकडे शोधावा. मिळाला नाही तर पंप किंवा त्यातील दाब मर्यादित करणारी झडप तपासावी. त्या झडपेत कचऱ्याचा एखादा कण अडकला तरी दाब उतरतो, म्हणून पंप मोडीत काढण्यापूर्वी ती काढून धुऊन पाहावी. बॉक्सची चाचणी घेताना चाकाच्या अटकाव-बोल्टपुढे लोखंडी तुकडा ठेवून मग चाक टोकाला न्यावे. अन्यथा दाब सोडणारी छोटी झडप आधीच उघडते आणि चांगला बॉक्सही सदोष ठरतो. तुकडा हाताने धरू नये.

रस्त्यावरील दोन धोके

थंडीत अडलेल्या गाडीखाली चिंध्या पेटवून इंजिन व टाकी शेकण्याची रीत उत्तरेच्या रस्त्यांवर सर्रास आढळते. स्टिअरिंगच्या नळ्या रबराच्या आहेत आणि त्यांतून वाहणारे तेल ज्वालाग्राही आहे. शेकोटीने एकदा करपलेली नळी त्या दिवशी फुटत नाही; ती पुढे कधीतरी, भरल्या गाडीने वळण घेताना फुटते. त्याऐवजी इंजिन दहा-पंधरा मिनिटे मंद गतीवर चालू द्यावे आणि गाडी उभी असताना चाक डावीउजवीकडे थोडे थोडे, टोकापर्यंत न नेता, हलवीत राहावे. गरम पाणी ओतावयाचे झाल्यास ते चाकांभोवतीच्या बर्फावर ओतावे, तेलाच्या टाकीवर नव्हे. तेही गाडी लगेच निघणार असेल तरच, कारण ते पाणी पुन्हा गोठते.

दुसरा धोका याच्या उलट आहे. रात्रभर जड असलेले स्टिअरिंग धावत्या गाडीत एकाएकी लोण्यासारखे हलके झाले तर दोष दूर झाला असे मानू नये. बहुधा पुढील चाके डांबरावर पसरलेल्या बर्फाच्या पारदर्शक पापुद्र्यावर आलेली असतात. रस्त्याची पकड सुटल्यामुळे चाकांना वळविण्यास विरोधच उरत नाही आणि स्टिअरिंग हलके लागते. बनिहाल परिसरात सावलीतील वळणांवर, पुलांवर आणि बोगद्यांच्या तोंडाशी हा पापुद्रा दुपारपर्यंत टिकतो. 1956 चा जवाहर बोगदा 2,000 मीटरहून अधिक उंचीवर आहे. 2021 मध्ये प्रथम वाहने सोडण्यात आलेला साडेआठ किलोमीटर लांबीचा बनिहाल–काझीगुंड बोगदा त्याहून बराच खाली असल्याने बर्फाचा त्रास कमी झाला, परंतु बोगद्याच्या कोरड्या रस्त्यावरून अचानक बर्फावर येण्याचा प्रसंग टळलेला नाही. अशा वेळी चाक झटक्याने वळवू नये, ब्रेकवर पाय दाबू नये. ॲक्सिलरेटर हळूच सोडून चाके सरळ ठेवावीत आणि पकड परत येऊ द्यावी.

निघण्यापूर्वी

उत्तरेकडे जाणाऱ्या गाडीची तपासणी सुरतेतच, माल भरण्यापूर्वी व्हावी. भरलेल्या गाडीची पुढील आस उचलणे कष्टाचे व धोक्याचे असते, आणि जम्मूच्या पुढे जड वाहने अनेकदा एकाच दिशेने, ठरलेल्या वेळी सोडली जात असल्याने दुरुस्तीसाठी थांबलेल्याचा क्रम चुकतो. तेलाचा रंग, दाटपणा व पाणी पाहणे, ओढनळी सहा-सात वर्षांची झाली असल्यास बदलणे, क्लॅम्प आवळणे, टाकीच्या झाकणाचा वायसर पाहणे आणि किंग पिनमध्ये जुने ग्रीस बाहेर पडेपर्यंत नवे भरणे, एवढे काम एका दिवसात होते. शेवटच्या कामात पुढील आस उचलून ग्रीस भरल्यास ते खालच्या वायसरपर्यंत पोचते. आस जमिनीवर असताना भरलेले ग्रीस पुष्कळदा वरच्या वरच राहते.

गाडीत लाल तेलाचा एक सीलबंद डबा, फिल्टरचा एक संच, दोन क्लॅम्प आणि टायरचा दाबमापक असावा. डबा मोठा घेऊ नये. एकदा उघडलेला डबा पुढच्या पावसाळ्यापर्यंत केबिनमध्ये पडून राहिला तर त्यातील तेलही दमट होते, आणि पुढील हिवाळ्यात तेच तेल टाकीत ओतले जाते. उघडलेल्या डब्यावर खडूने तारीख घालावी आणि खेपेवरून परतल्यावर उरलेले तेल गॅरेजात देऊन टाकावे.